धुरापेक्षा मळकी हवा

तीर्थस्वरूप दादास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. आम्ही सर्व मजेत. ताईकडे तुझी सक्तीची विश्रांती कशी चालली आहे ते विचारत नाही, तुझा खोकला तीन घरं पलीकडे ऐकू जातो असं ताईनेच फोनवर सांगितलं. आणखी धूर खाल्लास तर स्टिअरिंग कायमचं सुटेल, हे डॉक्टरांचं बोलणं तू हसण्यावारी नेलंस म्हणे.

तर झालं असं. आमच्या प्रयोगशाळेत (जिला तू ‘धुराचा दवाखाना’ म्हणतोस) ट्रक रोलरवर चढवून जागच्या जागी पळवतात आणि त्याचा धूर काचेच्या बशीत वाढवलेल्या फुप्फुसाच्या पेशींवर सोडतात. शेजारच्या बशीला तुलनेसाठी बाहेरची साधी हवा. तू ताईकडे जाण्याआधीच्या आठवड्यात फिल्टर लावलेला नवा ट्रक होता. त्याच्या धुरातल्या पेशी टुणटुणीत, आणि साध्या हवेतल्या पेशींनी माना टाकलेल्या! आमच्या मोठ्या बाई चक्रावल्या. नळ्या उघडल्या, बशा बदलल्या, एका बिचाऱ्याच्या अत्तरावरही आळ आला. शेवटी बाईंनी खिडकीतून खाली पाहिलं. हवा ओढणाऱ्या नळीच्या तोंडाशीच तुझा म्हातारा ट्रक फुरफुरत होता. तू रोज माझा डबा आणायचास आणि रखवालदाराशी तासभर गप्पा हाणायचास, तेही इंजिन चालू ठेवून (बंद केलं तर पुन्हा सुरू होत नाही, हे तुझंच म्हणणं). हा कोण, असं बाईंनी विचारलं. मी ओळख दाखवली नाही. (नोकरी अजून कच्ची आहे, दादा.)

बाई चिडतील असं वाटलं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, “आपल्या पेशी बशीत आहेत, त्याच्या छातीत आहेत. बोलवा त्याला आत.” मी खाली धावलो तोवर तू गेला होतास. वर येऊन त्या मेलेल्या पेशी फेकताना मला फार भीती वाटली, खोटं कशाला सांगू.

पण जुन्या ट्रकलाही फिल्टर बसवता येतो. काजळी त्यात अडकते आणि तिथेच जळते. धुराचं अत्तर होत नाही, काही वायू उरतातच, पण छातीवरचा भार बराच उतरतो.

तुझा,
धाकटा

ता. क. बाईंना तपासणीसाठी एक जुना, बदनाम ट्रक हवा आहे. फिल्टर त्यांचा. तुझी परवानगी कळव.

पुन्हा ता. क. परवानगीची तशी घाई नाही. वहिनींनी चावी सोमवारीच दिली, फिल्टर बसलासुद्धा. तुझ्या ट्रकच्या धुरातल्या पेशी आज तपासल्या, बहुतेक सगळ्या जिवंत आहेत. वहिनी तिथेच उभ्या होत्या. डोळे पुसून म्हणाल्या, “यांना कळवा भाऊजी, आता घरी या म्हणावं.”