गडग्यापलीकडचं स्टेशन

बाबा, तुमच्या काजूच्या बागेतून मी रस्ता काढलाय. अजून कागदावरच आहे, पण मंजुरी मिळाली की जेसीबी यायला वेळ लागत नाही. स्टेशनाभोवती वस्ती कशी असावी ते ठरवणं आता माझं काम आहे. माणसाला घरातून निघून पायी, सावलीतून, कुठल्या चाकाखाली न येता फलाटावर पोचता यावं, वाटेत भाजी-दूध मिळावं, म्हाताऱ्यांना टेकायला जागा असावी, एवढंच त्यात असतं. तुमच्या डोक्यात हे कधी शिरलं नसतं. तुम्हाला स्टेशन म्हणजे जमिनीचा भाव. आज ना उद्या शहर चालत तुमच्या दारात येणार होतं म्हणे!

रेल्वे आली, लोक आपल्या बागेतून स्टेशनावर जाऊ लागले, आणि तुम्ही वाट अडवायला कुंपण म्हणून चिऱ्यांचा गडगा घातलात. अख्ख्या गावाला हायवेवरून वळसा पडला. आई तेव्हा रोज पॅसेंजरने कुडाळला काजूच्या कारखान्यात जायची. पहाटे भाकऱ्या थापता थापता ती म्हणते, "माका तरी जावंक द्या हो." तुम्ही बशीतला चहा फुर्रकन ओढता. "आज तू गेलंस, उद्या अख्खो गाव जातलो. एकदा वहिवाट पडली की मगे कोण थांबवतलो?" ती डबा भरते आणि हायवेला लागते. अशाच एका सकाळी ट्रकवाल्याला ती दिसली नाही. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी गावातल्या कुणीतरी गडग्याचे थोडे चिरे काढून ठेवले होते, तुम्हाला लाज वाटावी म्हणून. तुम्ही ते एकेक उचलून परत बसवलेत. मी पडवीतून बघत होते. माझ्यापुरते तुम्ही तिथेच मेलात. जाळलं पुष्कळ वर्षांनी, एवढंच.

परवा भाऊ ऑफिसात आला होता. बागेच्या त्याच टोकाला त्याने घर बांधलंय आणि रस्ता बरोबर त्याच्या घरावरून जातो. आधी म्हणाला, "बापाशीन जीव लावून राखलेली जमीन ती." मी हसले. मग खुर्ची पुढे ओढून म्हणाला, "ताये, पोरांका घेवन मी खंय जाव गो?" मी त्याला शुद्ध मराठीत सांगितलं, "हरकत असेल तर लेखी नोंदवा." चहासुद्धा विचारला नाही.

सोमवारी मंजुरीची बैठक आहे. हे तुम्हाला कळवायचा काही उपाय नाही, मसणात टपाल जात नाही, म्हणून खरं ते लिहून टाकते. बागेच्या खालच्या अंगाने ओहोळाच्या काठाकाठाने सरकारी जमिनीतून स्टेशनापर्यंत एक वाट निघते. अंतर तेवढंच, सावली जास्त, कुणाचं घर जात नाही. मी स्वतः चालून बघितली आहे. नकाशात मी ती दाखवलेली नाही.