तक्त्यात न आलेला आवाज

गुरुवार, संध्याकाळ. इंदिरानगर

सिन्नरच्या कारखान्यातून आत्ता आले. चहासुद्धा करावासा वाटत नाही.

पत्रा दाबून कापणारं प्रेस मशीन कसं चालवायचं, याचा मी लिहिलेला मजकूर सॉफ्टवेअरला दिला होता. त्यानं मिनिटभरात चौकटी-बाणांचा सुबक तक्ता काढला. सोमवारपासून नवे कामगार त्यावरच शिकणार. साहेब खूश. मशीनवरच्या काशिनाथमामांना तक्ता दाखवला, तर त्यांनी डाव्या हाताचं तुटून उरलेलं अर्धं बोट बाणांवरून शेवटपर्यंत फिरवलं.

"सगळं बरोबर हाय, ताई. पण आवाज कुठंय?"

पेडल दाबण्याआधी ते "हात?" असं ओरडतात. समोर पत्रा लावणारा हात काढून "वर!" म्हणाला की मगच दाबतात.

"मामा, आधी का नाही सांगितलंत?"

"त्यात काय सांगायचं? सगळ्यांनाच माहीत हाय."

सॉफ्टवेअरवर चिडावं, तर त्यानं माझी एक ओळ गाळलेली नाही. दोन दिवस मीच मशीनजवळ टिपणं घेत उभी होते. तो आवाज कितीदा ऐकला असेल. गोंगाट समजून सोडून दिला?

साहेब म्हणतात, तक्ता मंजूर झालाय, आता राहू दे. भांडायचं त्राण नाही. तरी उद्या जाऊन त्या आवाजाची चौकट पेननं का होईना, तक्त्यात घालणार.

ते अर्धं बोट डोळ्यांपुढून जात नाही. बाकीचं अर्धं मशीनमध्ये गेलं, त्यानंतरच हा आवाज सुरू झाला असणार. तेव्हाही कुणी लिहून ठेवलं नाही.