चार नंबरचा मॉनिटर

९ नोव्हेंबर, शनिवार

चार नंबरचा मॉनिटर साठवर होता.

कॉम्प्युटर गेमचा सामना संपला, लोक गेले, मी स्टेजवरची मशीनं एकेक करून बंद करत होतो. चार नंबरवर माउस हलवला आणि लगेच कळलं. पडद्यावरचा बाण सलग सरकत नव्हता, तुटत होता. सेटिंग उघडलं – साठ! बाकी नऊ जागी दोनशे चाळीस. म्हणजे चार नंबरवर बसलेला खेळाडू, सांग-हा, अख्खा सामना सेकंदाला साठ चित्रांवर खेळला, आणि समोरचे पाचही जण दोनशे चाळीसवर. कोपऱ्यातून शत्रू निघतो तो त्यांना निघताना दिसतो. याला तो एकदम पुढ्यातच दिसला असणार. आणि सगळे म्हणतायत, सांग-हामुळे त्याची टीम हरली.

फोनवर फोटो काढला. मग आकडा परत दोनशे चाळीसवर नेऊन ठेवला. सवयीने. नाही – भीतीने. निदान या वहीत तरी खरं लिहावं.

सकाळी त्या मॉनिटरची केबल मीच बदलली होती. केबल बदलली की कधी कधी आकडा आपोआप साठवर येतो, हाताने वर न्यावा लागतो. नेला होता का? आठवत नाही. तपासणीच्या कागदावर दहाही चौकोनांत खुणा आहेत, खाली माझी सही. पण खुणा मी शेवटी एकदमच करतो. नेहमीच.

१० नोव्हेंबर

आमचे वरिष्ठ मेंग साहेब, त्यांना सांगायचं ठरवूनच गेलो. मी तोंड उघडायच्या आत तेच म्हणाले, ग्यू-वोन, जानेवारीपासून तुला नोकरीत कायम करतोय. मी वाकून आभार मानले आणि बाहेर आलो.

११ नोव्हेंबर

इंटरनेटवर आग लागली आहे. सांग-हाच्या चुकलेल्या गोळ्या कुणीतरी एकामागून एक जोडून, संथ करून टाकल्यात. दोन पावलांवरच्या माणसालाही त्याची गोळी लागत नाही. एका ठिकाणी तो मान वळवून आमच्या तंत्रज्ञांच्या टेबलाकडे बघतो. त्यावरही लाल गोल काढलाय – इशारा केला म्हणे. कुणाला? मी तिथेच होतो. तो बघत होता तेव्हा मी फोनमध्ये होतो.

‘विकला गेला’ हा शब्द दिवसभर वाचला. टीमने त्याला बाजूला ठेवलंय. लीगची चौकशी बसली आहे. सिद्ध झालं तर जन्मभराची बंदी. एकवीस वर्षांचा आहे तो.

१३ नोव्हेंबर

ती सकाळ पुन्हा पुन्हा डोक्यात चालवून बघतो. जुनी केबल काढली, नवी लावली. तेवढ्यात साहेबांनी माइकसाठी हाक मारली. गेलो. परत चार नंबरवर आलो का? कधी मी येताना दिसतो मला, कधी नाही. इतक्या वेळा आठवलंय की आता आठवण कुठली आणि कल्पना कुठली, कळेनासं झालंय.

एक गोष्ट मात्र समजत नाही. सामन्याआधी त्याने पंधरा मिनिटं त्याच मॉनिटरवर सराव केला. त्याला कळलं नसेल? बोलला का नाही? टीममध्ये नवा आहे – कुरकुर्‍या म्हणतील म्हणून गप्प बसला असेल. म्हणजे तेही माझ्याच माथी.

१४ नोव्हेंबर

बायकोने, ये-जूने, शेवटी कोंडीत पकडलं. चार दिवस ताटातला भात नुसता चिवडतोयस, काय झालंय? सांगितलं. एवढ्याशा आकड्याने काय होतं, म्हणाली. मग घरच्या कॉम्प्युटरपुढे बसवलं तिला. आधी दोनशे चाळीसवर बाण गोल गोल फिरवायला लावला, मग साठवर.

तिने तीनदा फिरवून पाहिला. “हे तर मलासुद्धा कळतंय,” म्हणाली.

मी म्हटलं, सहावा महिना चालू आहे तुझा, आत्ता नोकरी गेली तर –

“बाळाचं कारण मला देऊ नकोस,” ती म्हणाली. “बाळाने तुला काही सांगितलेलं नाही.”

१५ नोव्हेंबर

आजही नाही सांगितलं.

१६ नोव्हेंबर, शनिवार

हॉलच्या मागच्या दाराशी एक बाई उभी होती. हातात डब्यांची पिशवी. सांग-हाची आई. मांग्वोनच्या बाजारात तिचं तोंडीलावण्यांचं दुकान आहे. पहारेकरी आत सोडेना. गळ्यातलं ओळखपत्र बघून तिने मलाच गाठलं.

पोरगा खोलीचं दार लावून बसलाय म्हणे, जेवत नाही. दुकानासमोर लोक थांबतात, फोटो काढतात. मग विचारलं, “तुम्ही त्याला खेळताना जवळून बघता. तो मुद्दाम हरला असेल, असं वाटतं तुम्हाला?”

मी नाही म्हटलं. तेवढंच. ती कमरेत वाकली, पार खाली, आणि डबे माझ्या हातात देऊन गेली. तिळाच्या तेलातला पालक, गोडसर सोया सॉसमध्ये परतलेल्या सुक्या मासोळ्या.



१८ नोव्हेंबर, सोमवार

सांगितलं! आधी साहेबांना. त्यांनी फोटो पाहिला, उठून दार लावलं आणि म्हणाले, “पुसून टाक. मी काही पाहिलं नाही, तूही नाही.” मी म्हटलं, त्याची आई आली होती. ते म्हणाले, प्रत्येकाला आई असते.

तिथूनच सरळ चौकशी समितीकडे गेलो. तीन माणसं, एक पाण्याची बाटली. केबल, सही, साहेबांची हाक, आकडा परत फिरवला तेही – सगळं सांगितलं. चूक संपूर्ण माझी, असं लिहून दिलं.

२१ नोव्हेंबर

निकाल लागला. सांग-हा निर्दोष. सामना पुन्हा होणार नाही, पण तो खेळू शकतो. टीमने त्याची जाहीर माफी मागितली.

मला काढून टाकलं. आता इंटरनेटवर माझं नाव आहे – आळशी, नालायक, एका पोराचं आयुष्य नासवणारा. खरंच आहे की. तरीही ये-जूने केलेल्या किमचीच्या रश्श्याबरोबर दोन वाट्या भात खाल्ला आणि दुपारी चार तास मेल्यासारखा झोपलो. इतकी गाढ झोप लग्नानंतर लागली नव्हती.

सांग-हाला माफीचं पत्र टाकलं. पत्ता आणि फोन खाली लिहिला. वाटेल ते बोल, ऐकून घेईन म्हणून.

२४ नोव्हेंबर, रविवार

सांग-हा आला होता. दारातच उभा राहिला, आत ये म्हटलं तरी येईना. माझं पत्र परत माझ्या हातात दिलं.

“दादा, आकडा साठवर मीच नेला होता,” म्हणाला. “पडदा नितळ असला की हात आपोआप जिंकतात. मुद्दाम हरायचं म्हटलं तरी हरता येत नव्हतं मला.”

कुणासाठी हरला ते त्याने सांगितलं नाही. मी विचारलं नाही. जिना उतरून गेला.

कोण आलंय, ये-जूने आतून विचारलं. कुणी नाही, मी म्हटलं.