पर्समधली हातोडी

प्रिय सूनबाई,

एकाच घरात राहून पत्र लिहितेय, हसशील. पण आठ दिवस झाले, आपलं बोलणं ‘गोळी घेतलीत का’ आणि ‘घेतली’ याच्या पुढे सरकत नाही. तू नोकरी सोडायचं म्हणतेस, हेसुद्धा मला लेकाकडून कळलं. तोंडावर बोलायला गेले तर माझी जीभ पुन्हा घसरायची, म्हणून कागद बरा.

आधी कबुली देते. आज सकाळी घाईत मी तुझी पर्स घेऊन गेले. आमच्या मालिकेतल्या बाईसाहेबांची पर्स आणि तुझी, दोन्ही मीच एका दुकानातून घेतलेल्या, अगदी हुबेहूब. त्यांच्या पर्सचा पट्टा उसवला म्हणून ती शिवायला घरी आणली होती. दोन्ही एकाच खुंटीवर, आणि पोराला ताप म्हणून तू आज घरी. उचलताना जड लागली गं, पण मला वाटलं, आपलाच खांदा म्हातारा झाला!

सेटवरचं सामान सांभाळायचं काम मी वीस वर्षं करतेय. बाईसाहेब मालिकेत केवढी मोठी कंपनी चालवतात, पण त्यांच्या पर्समध्ये काय असतं सांगू? रद्दी. आकार टिकावा म्हणून मीच चुरगळून कोंबते. म्हणून तर ती त्यांच्या एका बोटावर झुलते. फायली कोऱ्या, लॅपटॉप कधीचा बंद पडलेला, कपड्याला चुणी पडली की इस्त्रीवाली धावत येते. पोर फक्त मिठी मारायच्या वेळी उगवतं, एरवी मामाकडे. मालिकेतल्या बाईला एक तर सगळं हसतमुखानं जमतं, नाही तर ती मीटिंगला गेली त्याच दिवशी पोर जिन्यावरून पडतं. मधलं काही लेखकाला सुचतच नाही. आणि हे सगळं आतून माहीत असलेली मी, गेल्या आठवड्यात तुला उशीर झाला तेव्हा काय बोलले? म्हणे, बाईसाहेब बघ, कंपनी सांभाळून सातला घरी हजर. त्याच सकाळी स्वतःच्या हातानं रद्दी कोंबून आले होते मी! लाज वाटते आता.

तर आजचा प्रसंग असा. बाईसाहेब कामावरून येतात, पर्स सोफ्यावर टाकतात आणि सासूकडे बघून गोड हसतात. कॅमेरा सुरू झाला. पर्स खांद्याला लावताच त्या एका बाजूला कलल्या, आणि सोफ्यावर टाकली तशी ती उलटून सगळं धाडकन जमिनीवर. तुझी छोटी हातोडी, खडू, मोजपट्टी. पोराचा एकच मोजा. तापाचं औषध. रबर लावलेला अर्धा बिस्किटपुडा. कागदाच्या पुडीत त्याचा पडलेला दुधाचा दात. ‘कट’ म्हणायचंही दिग्दर्शकाला सुचलं नाही. बाईसाहेब खाली बसल्या आणि एकेक वस्तू उचलून बघायला लागल्या. हातोडी कशाला, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, माझी सून पूल तपासते. काँक्रीटवर ठोकते आणि आवाजावरून ओळखते की आत पोकळ आहे की भरीव. सांगता सांगता माझ्याच लक्षात आलं: सात वर्षं तू माझ्या शेजारी जेवतेस, आणि हे मी कुणाला मोठ्यानं कधी सांगितलंच नव्हतं. मग बाईसाहेबांनी सामानात पडलेली तुझी कामांची यादी मोठ्यानं वाचली. चौथ्या खांबाला तडा. वाहतूक थांबवायला सांगणे. शाळेच्या वहीवर सही. आईंच्या गुडघ्याच्या गोळ्या. तडा पुन्हा मोजणे. दोन तड्यांच्या मध्ये माझा गुडघा! हजारो माणसं ज्या पुलावरून जातात तो तुझ्या शब्दावर चालू राहतो किंवा बंद होतो, आणि तेव्हाही तुझ्या डोक्यात माझ्या गोळ्या असतात. एवढं सगळं तुझ्यात मावतं तरी कसं, मला खरंच कळत नाही.

दिग्दर्शक भानावर आला आणि म्हणाला, रद्दीच भरा, एका बाईच्या पर्समध्ये एवढं असतं हे लोकांना पटायचं नाही. शॉट झाल्यावर बाईसाहेबांनी तुझं सामान स्वतः परत भरलं. मोजा घडी करून ठेवला.

पण त्याआधी रद्दी भरायला मी आत हात घातला, तर तळाशी अडकून राहिलेलं एक पाकीट हाताला लागलं. वाचायला नको होतं, वाचलं. येत्या सोमवारची तारीख, तुझी सही, आणि मध्ये एक ओळ: घरगुती कारणास्तव राजीनामा देत आहे. ती ओळ मी पुन्हा वाचली. घरात आहेच कोण? पोर सहा वर्षांचं, ते तुझी हातोडी घेऊन भिंती तपासत फिरतं. माझा लेक घरात असून नसल्यासारखा, त्याचे कान मी वेगळे उपटणार आहे. उरले मी. ते घरगुती कारण मीच आहे, बाळा.

पाकीट होतं तिथेच ठेवलंय, फाडायचा मला हक्क नाही. सोमवारपासून मी सकाळची पाळी मागून घेतली आहे. तीन वाजता पोराला शाळेतून मी आणीन. तुला उशीर झाला तर दार उघडून आधी पुलाची खबर विचारीन, घड्याळाकडे बघणार नाही. राजीनामा तुझा आहे, द्यायचा की नाही ते तू ठरव. त्यातलं कारण मात्र मी मागे घेतलंय.

तुझीच,
आई

ता. क. गोळी घेतली.