अठ्ठाविसावं वर्ष

वुकाशिनदादा,

आज मृतांचा शनिवार. आईने नेहमीसारखी तुझ्या थडग्यावर कॉफी ओतली, कोबीच्या पानात गुंडाळलेला खिमा ठेवला आणि तुला सांगितलं, "नेदा अठ्ठावीसची झाली बरं का."

प्रशिक्षकांनी बाकावर बसवलं की तू म्हणायचास, "थांबा, अठ्ठावीसचा होऊ द्या मला. बास्केटबॉलवाला त्याच वयात पिकतो." तू बावीसचा असतानाच गाडी उलटली.

दादा, तुझं खरं होतं. पाय अजून दमत नाहीत आणि डोक्यालाही आता घाई नाही. कोर्टवर आमच्यातली कोण मोकळी होणार, ते मला आधीच दिसतं. काल तुझ्या सामन्याचा जुना व्हिडिओ लावला. डावीकडे वळण्याआधी तू खांदा पाडतोस. मी तुला सहज अडवलं असतं. मग पुढे बघवेना, बंद केला.

अक्रोडाच्या झाडाला ठोकलेल्या रिंगवर तू मला मुद्दाम जिंकू द्यायचास, आणि मला ते कधी कळायचं नाही. आता आलास तर मुद्दाम मला हरावं लागेल. पण तुला ते लगेच कळेल, मला तुझ्यासारखं हरता येत नाही.

तुझी धाकटी,
नेदा