कान देण्याचे दिवस

२ मार्च
एडिटरने एक वर्कशॉप कव्हर करायला पाठवलं. विषय : गहन श्रवण. समोरचा बोलत असताना मधे बोलायचं नाही, सल्ला द्यायचा नाही, त्याचं वाक्य आपण पुरं करायचं नाही. यासाठी लोक फी भरून आले होते. ट्रेनरबाईंना सांगितलं की श्रवण, मनन, निदिध्यासन हा क्रम संस्कृतात केव्हाच लावून ठेवलाय. त्या म्हणाल्या, सध्या आपण ऐकण्याचा सराव करतोय. म्हटलं, तेच तर सांगतोय.
निश्चय : उद्यापासून ऐकायचं. सर्वांचं.

३ मार्च
घरापासून सुरुवात. सौ. म्हणाली, तुमच्याशी जरा बोलायचंय, माझ्या ऑफिसात... म्हटलं, समजलं, साहेब पुन्हा रजा देत नाही. त्यावर तीन उपाय सांगितले, शेवटचा जरा विस्ताराने. ती म्हणाली, राहू दे. उपाय पटलेले दिसतात.

५ मार्च, सकाळ
ऐकण्यासाठी आधी मन निवांत हवं. म्हणून स्विमिंग पूल सुरू. कानात पाणी गेलं. एका पायावर उड्या मारल्या. निघालं असावं.

७ मार्च
अपेक्षेपेक्षा लवकर फळ. माझ्या नुसत्या सान्निध्यात लोक हळू बोलू लागले आहेत. मीटिंगमध्ये एडिटर, ज्याची कुजबुज पार्किंगपर्यंत जाते, तो चक्क पुटपुटत होता. याला प्रभाव म्हणतात. मी पुढे वाकून त्याच्या ओठांकडे पाहत राहिलो. तो चाचरला. नंतर फोटोग्राफर म्हणाला (तिसऱ्यांदा म्हणाला तेव्हा कळलं), तुम्ही असे रोखून बघत होतात की साहेबांनी स्वतःची चूक कबूल केली. कोणती, ते विचारलं नाही. श्रवणात व्यत्यय नको.

९ मार्च
वरच्या मजल्यावरचे रिटायर्ड मॅनेजर जिन्यात भेटले. एरवी हवामानापलीकडे जात नाहीत. आज पायरीवर बसून बोलतच राहिले. मधे डोळे पुसले. विषय गुडघे किंवा दिवंगत पत्नी असावा. दोन्हींना तीच मान चालते. जाताना माझे हात हातात घेतले.
सौ.चं म्हणणं, टीव्हीवरच्या बातम्या कोपऱ्यावरच्या लॉन्ड्रीपर्यंत पोचतात. लॉन्ड्रीवाला बहुश्रुत होईल, म्हटलं. ही तक्रार तिने पेपरच्या कडेला लिहून दाखवली. अलीकडे फार लिहिते.

१२ मार्च
सिद्धी. जेवणानंतर सौ.ने टीव्ही बंद केला, खुर्ची ओढून समोर बसली आणि बोलू लागली. मी शिस्तीत : नजर तिच्या डोळ्यांत, कंबरेतून किंचित पुढे, मान संथ. ती हसली, मी हसलो. ती रडली, मी हसणं थांबवलं. एकदाही मधे तोंड घातलं नाही. शेवटी काहीतरी विचारल्यासारखं दिसलं. मी होकारार्थी मान हलवली. तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. लग्नाला तेवीस वर्षं झाली. असं यापूर्वी कधी झालं होतं ते आठवेना.
या विषयावर ग्रंथ लिहावा. नाव सुचलं : श्रुतयोग.
ती नेमकं काय म्हणाली, ते उद्या बोलता बोलता काढून घेईन. जन्म बातमीदारीत गेला आहे.

१३ मार्च
निघालं नाही. कपाटावरची मोठी बॅग मात्र खाली आली आहे. आत स्वेटर. पेपरच्या कडेला नवा मजकूर : उद्या दहाला कानाचे डॉक्टर. जाईन, केवळ तिचा मान राखायला.

१४ मार्च, दुपार
डॉक्टरने पिचकारी मारली. जे निघालं त्याचं वर्णन सभ्य माणूस करत नाही. दोन्ही कान. पोहण्याने मळ फुगून बसला होता म्हणे. मग आठवडाभर तुम्हाला ऐकू काय येत होतं, त्याने विचारलं. म्हटलं, ऐकणं निराळं आणि ऐकू येणं निराळं. त्याने बिल लिहायला घेतलं.
रस्ताभर जग ओरडत होतं. घरात शिरलो तर सौ. फोनवर बहिणीला सांगत होती : अगं, सोमवारी रुजू व्हायचंय. हो, डोंगरातल्या शाखेची प्रमुख म्हणून. एक वर्ष तिकडेच. हे ना? हो म्हणाले. चकार शब्द मधे बोलले नाहीत.
दारातल्या स्टुलावर बसलो.

१४ मार्च, संध्याकाळ
पेच. खरं सांगावं, तर होकार रद्द आणि खांद्यावरचं डोकंही रद्द. न सांगावं, तर ती निघाली.
सांगितलं. परवा मला काहीच ऐकू आलं नव्हतं.
ती इस्त्री करत होती. हात थांबला नाही. म्हणाली, ठाऊक आहे, म्हणून तर बोलले. एरवी या घरात बोलायचं म्हणजे शेवटची बस पकडल्यासारखं धावत बोलावं लागतं. परवा पहिल्यांदा वाक्यं पुरी झाली, तेव्हा कुठे मलाच कळलं की मला जायचंय.
मग डॉक्टर कशाला, मी विचारलं.
म्हणाली, ऐकू येत असतानाही हो म्हणता का ते बघायला.
तोंड उघडलं. मुद्दे तयार होते : तिकडची थंडी, तिची पाठ, माझा सकाळचा चहा. तिने इस्त्री उभी ठेवली आणि वाट पाहिली.
म्हटलं, पुन्हा सांग. पहिल्यापासून.
तिने सांगितलं. रजेचा विषयच नव्हता. साहेबाचाही नव्हता. जीभ दातांखाली धरून बसलो. शेवटी हो म्हटलं, पण आवाज नीट निघाला नाही. तिने पुन्हा म्हणायला लावलं.

१८ मार्च
ती गेली. घरात बोलणारं कुणी नसल्याने माझं श्रवण निर्दोष आहे. श्रुतयोग, प्रकरण पहिलं : शीर्षक तयार.
जिन्यात मॅनेजर. या वेळी ऐकू आलं. गुडघे नव्हते. एक सांत्वनपर सुभाषित म्हणून दाखवलं. ते हवामानावर आले.

२० मार्च
सौ.चा फोन. खोलीची खिडकी अडकते. शिपाई तिला सर म्हणतो. पहिल्या दिवशी केबिनचं दार लावून घेतलं आणि एकटीच हसत बसले, म्हणाली. खिडकीवर माझ्याकडे उपाय होता. बोललो नाही. मग खिडकी विसरलोच, ती कशी हसली असेल तेच डोळ्यांपुढे आलं. तंत्र वगैरे काही नव्हतं. मानही हलवली नाही.
एकाएकी फोन बंद. लगेच पुन्हा आला. रेंज गेली का हो, तिने विचारलं. म्हटलं, नाही, ऐकत होतो.
मग तिने जपून विचारलं, पुन्हा पोहायला लागलात का.