यादीतलं पहिलं नाव

१४ जानेवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

मुलगी झाल्याचा निरोप पोचला असेलच. निरोपात आलं नसेल ते लिहिते. दोन दिवस मी अडले होते. इथल्या डॉक्टरांनी हात टेकले. तापाच्या साथीपासून सरहद्दीपलीकडचं एक पथक आमच्या इस्पितळात आहे. त्यातली डॉक्टरीण धावून आली. तिला आपली भाषा येत नव्हती. नुसती माझा हात धरून मान हलवायची, आणि मला सगळं कळायचं. आम्ही दोघी मायलेकी तिच्यामुळे आहोत.

तिचंच नाव मुलीला ठेवायचं ठरवलं होतं. तिनं खुणेनं सांगितलं, माझं नको, माझ्या देशाचं ठेव. सासूबाई म्हणतात, आज देशाचं ठेवा, उद्या शहराचं, परवा गल्लीचं. ह्यांनी तोंड उघडलेलं नाही, म्हणजे होकार.

जन्मनोंदणीच्या कचेरीत वीस वर्षं नावं लिहितोयस. या नावाचा अर्थ काय, किती मुलींना आहे, ते कळव. भाचीला बघायलाही ये. नाक तुझं घेतलंय बिचारीनं.

लोभ आहेच, आता तो दोघींत वाटून दे.

तुझी,
धाकटी

२ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

नाकाबद्दल दिलगीर आहे.

जुन्या कोशात बघितलं. तिकडच्या भाषेत त्याचा अर्थ ‘उघडं रान’, म्हणजे कुंपण नसलेली जमीन. चार वर्षांपूर्वी आमच्या वहीत या नावाच्या दोन मुली होत्या. साथीनंतर अकरा झाल्या. गेल्या वर्षी त्रेचाळीस. दरवर्षी आवडत्या नावांचं जे पत्रक मी भिंतीवर लावतो, त्यात ते तिसरं आलं. लोक पत्रक वाचतात आणि त्यातलंच नाव ठेवतात. म्हणजे थोडा दोष माझाही.

तुझ्या होकाराची वाट न बघता मी नोंद करून टाकली. पक्क्या शाईत.

आणखी एक. वरून या एकाच नावाची यादी मागवली आहे. वय, पत्ता आणि घर पटकन सापडेल अशी खूण. पलीकडच्या सरकारकडून मुलींना काही भेट येणार, असा हेडक्लार्कचा अंदाज. मी आपल्या चिमणीला सगळ्यांच्या वर घातलं. वशिला म्हण हवं तर. मामा कशाला असतो?

दोघींनी अंगावर पांघरूण घेत जा.

तुझा,
दादा

२१ एप्रिल

ती. दादास,
शि. सा. न.

भेट आली नाही. पथक मात्र गेलं. एका सकाळी इस्पितळातल्या त्यांच्या खोलीला कुलूप दिसलं. दारावरच्या पाटीला चुना फासलाय, पण उन्हात खालची अक्षरं दिसतात. डॉक्टरीण निरोप घ्यायला आली नाही. तिचा चष्मा आमच्याकडे राहिलाय.

रेडिओवर पलीकडच्या देशाचं नाव आता वेगळ्याच आवाजात घेतात. समोरच्या शिंपिणीच्या मुलीचं नाव तेच. ती आता तिला नुसतं बाळ म्हणून हाक मारते. ह्यांच्या कारखान्यात फोरमननं सगळ्यांदेखत विचारलं, मुलीचं नाव काय ठेवलंत. हे म्हणाले, अजून ठरलं नाही. घरी आल्यावर जेवले नाहीत.

सासूबाई आता थट्टा करत नाहीत. त्याचीच मला जास्त भीती वाटते.

दादा, नाव बदलून दे. दुसरं कुठलंही चालेल. आणि ती यादी कशासाठी होती, ते विचार.

तुझी,
धाकटी

२९ एप्रिल

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

विचारलं. साहेबांनी मला बसायला सांगितलं. वीस वर्षांत पहिल्यांदा. म्हणाले, तुमच्या अक्षराचं वर कौतुक झालं, एकही घर शोधावं लागणार नाही. पुढे काही विचारायची माझी छाती झाली नाही.

नाव बदलता येतं. जुन्या नावावर तांबडी रेघ येते, पण ते खाली वाचता येतं. शिवाय बदलाची वेगळी वही असते. गेल्या महिन्यात सोळा आया येऊन नाव बदलून गेल्या. परवा ती वहीच उचलून नेली. सोळापैकी नऊ घरांत बोलावणी गेली आहेत. म्हणून रेघ मारून घेऊ नकोस. गप्प राहा. दार बंद ठेव. पाळणा आतल्या खोलीत ने.

आपलं पान फाडायचा विचार मनात आला होता. पण पानांना नंबर असतात, ते मीच घालतो.

यादीत तिचं नाव पहिलं आहे. हे तुला माहीत आहे, तरी लिहिल्याशिवाय राहवत नाही.

दादा

१७ मे

ती. दादास,
शि. सा. न.

काल दुपारी एक माणूस आला. साधे कपडे, बोलणं गोड. चपला बाहेर काढून आला. कुणाला विचारावं लागलं नाही. हातातल्या कागदावर लिहिलं होतं: जिन्याखालचं निळं दार, उंबऱ्याचा कोपरा तुटलेला. तो कोपरा तुझ्याच सायकलनं तुटला होता. अक्षर मी लांबूनच ओळखलं.

मी सांगितलं, या घरात त्या नावाचं कुणी नाही. सासूबाई म्हणाल्या, नातीचं नाव अजून ठेवलंच नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्या माझ्या बाजूनं बोलल्या. त्यानं मान डोलावली, काही लिहिलं नाही. कागद घडी करून खिशात ठेवला. आम्हाला वाटलं, निघाला.

दारातून तो मागे वळला. आतल्या खोलीकडे बघून त्यानं हळूच, आपण लाडानं घेतो तसं, ते नाव घेतलं.

दादा, चार महिने आम्ही तिला त्याच नावानं हाक मारली आहे.

पाळण्यातून ती हसली.

उद्या दहा वाजता तिला घेऊन शाळेच्या इमारतीत बोलावलंय. बरोबर दोन जोड कपडे आणायचे. पत्र हातोहात पाठवतेय, जमलं तर ये. नाही जमलं तर हे पत्र तुझ्याजवळ ठेव, आणि पत्ता मात्र कुठे लिहू नकोस.

तुझी,
धाकटी